रुमालाखालचा भाव

गुरांच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, एकाच्या खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर पडतो आणि खाली बोटं धरून बोलणं होतं. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. शंभराचा हिशेब की हजाराचा, ते जनावर पाहूनच दोघांना कळतं. तोंडं मात्र वर पाऊसपाण्याच्या गप्पा मारत असतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला सौदा कितीत झाला ते कळत नाही. कळू नये म्हणूनच तो रुमाल.

माझा हात त्या रुमालाखाली कोणी घेतला नाही. बाईचा हात भर बाजारात कसा धरायचा, म्हणून. सुरुवातीला मला तो मान वाटला. काही बाजार गेल्यावर कळलं, की मला लुबाडायला ही पद्धत फार सोयीची आहे. माझ्याच बोकडाचा भाव दोन पुरुष माझ्यासमोर रुमालाखाली ठरवायचे आणि मला फक्त शेवटचा आकडा सांगायचे, जणू मी ते जनावर कुणाच्या तरी घरून पोचवायला आलेली गडीण आहे. एके दिवशी मी माझं दावं ओढून घेतलं आणि भाव मोठ्यानं ओरडून सांगितला. घ्यायचा तर याच्यावर बोला, आणि बोलायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला, म्हटलं. तेव्हापासून मी उघड्यावर भाव करते. बाजार मला भोंगा म्हणतो. मी उधारी ठेवत नाही, खोटं वय सांगून जनावर विकत नाही आणि भोंगा म्हणणाऱ्याला पाच रुपयेही कमी करत नाही. पण ज्यांनी हात दिला नाही, त्यांच्यावरचा राग पंधरा वर्षांत गेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

या धंद्यात मी हौसेनं आले नाही. मला तापीकाठच्या चांगल्या बागायतदार घरात दिलं होतं. नवरा काविळीनं गेला. मूल नव्हतं. दिवसकार्य आटोपल्यावर जेठांनी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावानं, ओट्यावर चार माणसांत बसून विचारलं, की हिला मूल नाही, मग हिला जमीन कोणासाठी हवी. चारही माणसांनी माना हलवल्या. दोन वेळचं जेवण आणि मागची खोली, एवढं माझ्या वाट्याला ठरलं. मी माहेरच्या दोन बकऱ्या घेऊन धानोऱ्याला भाड्याच्या खोलीत आले. आता धडगावच्या वरच्या पाड्यांवरून बकऱ्या घेते, जीपनं खाली आणते आणि बाजारात विकते. मोठ्या घरची सून बोकड विकते, म्हणून जेठांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ही एक दिवस बाजारात तोंड काळं करून घरी येईल, असं ते नातेवाइकांत सांगतात, हे माझ्या कानावर येत असे. बाजारात पाण्याच्या हौदाजवळची जागा माझी आहे. ती मला कोणी दिली नाही. दर बाजारी लवकर येऊन, भांडून, वेळप्रसंगी कासरा हातात घेऊन ती मी मिळवली.

फोन मी धंद्यासाठी घेतला. बकऱ्यांच्या व्यापाऱ्यांचा मेसेजच्या ॲपवर एक गट आहे. जनावराचा फोटो टाकायचा, दातांवरून वय आणि वजन लिहायचं, आलेल्या चौकशीला उत्तर द्यायचं. त्या गटात एक माणूस आला. सुरतकडचा आहे, असं त्यानं सांगितलं. ईदसाठी बोकड हवेत, म्हणाला. कान कसे आहेत, दोन दाती आहे की चार, सगळं नीट विचारलं. मी भाव सांगितला. तो म्हणाला, ठीक आहे.

तिथेच मला थांबायला हवं होतं. पहिल्या भावाला जो हो म्हणतो, तो बोकड घ्यायला आलेलाच नसतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण खरं सांगते, पंधरा वर्षं प्रत्येक रुपयासाठी भांडल्यावर एक माणूस माझा शब्द जसाच्या तसा मानतो, याचं मला इतकं बरं वाटलं, की त्यात काही चुकतंय असं मनात आलंच नाही. दुसऱ्या वेळी भाव मुद्दाम वाढवून सांगितला. तेव्हाही तो ठीक आहे म्हणाला. मला वाटलं, याला माझी कदर आहे.

बोकड न्यायला तो आलाच नाही. आज गाडी नाही, उद्या आईची तब्येत. पण मेसेज रोज यायचे. जेवलात का. जीप मिळाली का. मला 'आप' म्हणायचा. बायको वारली, असं त्यानं लिहिलं होतं. घाटात फोनला रेंज नसते. जीप उतरून म्हसावदपाशी आली, की अडकलेले मेसेज एकदम पडायचे आणि मांडीवर फोन थरथरत राहायचा. जीपवाला एकदा म्हणाला, "ताई, तुमना फोन बकरीस्थून जास्ती वरडस." मागे बसलेल्या बायका हसल्या. मीही हसले. म्हसावद कधी येतं याची मी वाट बघायला लागले होते.

मग फोटो झाले, आणि एकदोनदा व्हिडिओवर बोलणं. काय पाठवलं ते मी इथं लिहिणार नाही. ते लपवायचं आहे म्हणून नाही, वाचणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही म्हणून. माझं वय तेव्हा चव्वेचाळीस होतं. ज्याला पाठवलं त्याच्यासाठी पाठवलं. विश्वास ठेवणं हा गुन्हा नाही. चोर तो आहे.

धमकी आली ती भर बाजारात, दुपारी. एका गिऱ्हाइकाला दाखवायला मी बोकडाचा जबडा उघडून धरला होता. फोन थरथरला म्हणून एका हातानं बघितला. माझा फोटो होता. त्याखाली आमच्या गटातल्या माणसांच्या नंबरांची लांब यादी, आणि त्याखाली रक्कम. संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर फोटो या सगळ्यांना जाईल. आजूबाजूला तीच सगळी माणसं उभी होती. कोणी चहा पीत होतं, कोणी दावं सोडत होतं. गिऱ्हाईक विचारत होतं, "कितलाले दिशी?"

फोटो गटात गेला असता तर मला बाजारातून कोणी हाकललं नसतं. पण हौदाजवळ मी उभी राहू शकले नसते. जेठांनी नातेवाइकांत सांगितलेलं खरं ठरलं असतं आणि उरलेला जन्म मागच्या खोलीत गेला असता. मला भीती होती ती एवढ्याचीच, पण ती पुरेशी होती.

आणि मग मी ते केलं, जे माझ्यासारखीच करू शकते. हौदाच्या आडोशाला गेले आणि त्याच्याशी घासाघीस केली.

रागानं माझे कान तापले होते, पण बोटं झरझर चालत होती. माझ्याकडचे सगळे डाव वापरले. यंदा जनावरं मेली म्हटलं. एवढे पैसे कधी बघितले नाहीत म्हटलं. मग घे, टाक फोटो, म्हणून गप्प बसले. त्याचाच मेसेज आला, तेव्हा निम्म्यावर आणला. निम्म्यावरून आणखी निम्म्यावर. शेवटी एका चांगल्या बोकडाच्या किमतीत सौदा ठरला. मी फोनवरून पैसे पाठवले आणि हौदाच्या आडून बाहेर आले ती जिंकल्यासारखी. त्या दिवशी मला आनंद झाला होता. हे लिहिताना मला अजून स्वतःची चीड येते.

पुढच्या आठवड्यात म्हसावदला मेसेज पडले. पुन्हा रक्कम. या वेळी पहिल्यापेक्षा मोठी.

बाजारात एक गोष्ट अगदी नवख्यालाही सांगतात. जे जनावर घ्यायचं नाही, त्याला हात लावायचा नाही आणि त्याची किंमत विचारायची नाही. सरळ पुढे जायचं. तुम्ही एक आकडा बोललात, की तुम्ही घेणार हे कबूल झालं, आता फक्त कितीला ते बाकी राहिलं. विकणारा मग तुमचा पिच्छा सोडत नाही. मी कित्येक गिऱ्हाइकांना अशा एका आकड्यावर पकडलं आहे आणि मोकळं सोडलेलं नाही. आणि मी स्वतः काय केलं होतं? माझ्या बदनामीवर मीच पहिला आकडा बोलले होते. मी पैसे देणारी बाई आहे, हे त्याला मीच घासाघीस करून पटवून दिलं होतं. रक्कम खाली आणली हे खरं, पण गिऱ्हाईक त्याला कायमचं मिळालं.

हे कळूनही मी पुन्हा दिले. मग आणखी एकदा. पैशांची घाई असायची म्हणून बकऱ्या मिळेल त्या भावाला जायला लागल्या. घरात मी फोन उपडा ठेवायचे. बाजारात माझा आवाज चढेना.

हे प्रथम कोणाच्या लक्षात आलं असेल तर ते चाचांच्या. नंदुरबारचे जुने बोकडवाले, पिढ्यान्पिढ्या हाच धंदा, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. बाजारात माझी सगळ्यात जास्त भांडणं त्यांच्याशी झाली आहेत. आमची घासाघीस ऐकायला लोक चहा घेऊन उभे राहायचे. त्या दिवशी त्यांनी माझ्या एका काळ्या बोकडाच्या पाठीवर हात फिरवला आणि नेहमीप्रमाणे लाजिरवाणा भाव सांगितला. मी म्हटलं, ठीक आहे.

चाचांनी दावं हातातून सोडलं. बोकडाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

"बेटी," ते म्हणाले, "तुन्हा आवाज कोठे गया?"

मला सांगायचं नव्हतं. पण त्या माणसानं माझं 'ठीक आहे' ऐकून ओळखलं होतं, जे मी त्या सुरतवाल्याच्या 'ठीक आहे'वरून ओळखलं नाही. हौदाकडे तोंड करून मी थोडक्यात सांगितलं. फोटो दाखवला नाही. धमकीचा मेसेज मात्र दाखवला.

चाचांनी तो चष्मा वर करून वाचला. इकडेतिकडे बघितलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला, स्वतःच्या उजव्या हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे धरला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी रुमालाखाली हात घातला. त्यांनी माझी चार बोटं धरली. मला वाटलं, रक्कम सांगतायत. चार हजार का, असं मी हळूच विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि नजर बाजारावर फिरवली, आपापल्या जनावरांजवळ उभ्या असलेल्या माणसांवर. मग तीन बोटं सोडली, एकच घट्ट धरलं आणि रुमालासकट तो हात स्वतःच्या छातीशी नेला.

चार माणसं. याच बाजारातली. त्यातले एक ते स्वतः.

त्यांना अनोळखी नंबरवरून व्हिडिओ आला होता, हे त्यांनी नंतर खाली मान घालून सांगितलं. उचलला तर पलीकडे एक बाई कपडे काढत होती. हे घाबरून बघतच राहिले आणि तेवढ्यात यांचा चेहरा त्यात घेतला गेला. त्यांना आलेल्या धमकीचा नंबर वेगळा होता, पण वाक्यं शब्दाला शब्द तीच. ते अजून पैसे देत होते.

मला रडू यायला हवं होतं म्हणे. मला राग आला. चौघं फसले होते, चौघांना एकमेकांचं माहीत होतं आणि गटात माझाही नंबर आहे हेही माहीत होतं. एकानं एक शब्द बाहेर काढला असता, तर मी त्या पहिल्या मेसेजलाच ओळखलं असतं.

"तुमले माहीत व्हतं," मी म्हटलं, "आन् तुम्ही गुपचूप बसनात?"

"इज्जतना सवाल व्हता, बेटी. घरमा नातवंडं शेत."

माझ्या इज्जतीचं काय, असं मी विचारलं नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते गप्प बसणं मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि हे त्यांनाही माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी नंदुरबारला पोलिसांकडे गेले. चाचा आले नाहीत. सायबरचं काम बघणारी पोलीस बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान असेल. मी आधीच भांडायच्या तयारीनं गेले होते, की ही मला विचारेल, फोटो पाठवलेच कशाला. तिनं ते विचारलं नाही. तिनं विचारलं, मेसेज पुसले तर नाहीत ना. नव्हते पुसले. ते तसेच ठेवा, म्हणाली, त्यांचे फोटो काढून घ्या, पैसे पाठवल्याचा पुरावा जपा, बँकेला आजच कळवा, इथून पुढे एक पैसा द्यायचा नाही आणि त्याला उत्तरही द्यायचं नाही. शिवी द्यायची असेल तर, असं मी विचारलं. शिवीसुद्धा उत्तरच असतं, ती म्हणाली. हे मला पटलं. बाजारातही नको असलेल्या जनावराला शिवी द्यायला कोणी थांबत नाही.

तक्रार लिहून झाल्यावर मी तिला विचारलं, फोटो बाहेर जाणार नाही याची खात्री आहे का. तिनं खोटं सांगितलं नाही. जाऊ शकतो, म्हणाली. म्हणजे ती एक गोष्ट तिच्या हातात नव्हती. येताना एसटीत बसून मी त्याच गोष्टीचा विचार करत होते. त्याच्याजवळ विकायला एकच माल होता, आणि तो म्हणजे लोकांना माहीत नसणं. तो मालच मी बाजारात फुकट वाटून टाकला, तर त्याच्याकडे काय उरतं?

पुढच्या बाजारी, गर्दी भरल्यावर, मी हौदाच्या कठड्यावर चढले. लुगड्याचा पदर कमरेला खोचला. बोकड विकायला लावते तोच आवाज लावला.

"ऐका रे सगळा," मी म्हटलं. "एक मानूस मन्हा फोटो लई फिरी ऱ्हायना. तुमना फोनवर उना तर ती मीच शे. देखा नैतर पुसा. पन त्याले एक रुपया देऊ नका."

मग बाकीचं सांगितलं. तो कसा बोलतो, पहिल्या भावाला हो कसा म्हणतो, अनोळखी व्हिडिओ का उचलायचा नाही, मी घासाघीस करून कशी फसले. याच बाजारात आणखीही माणसं पैसे देतायत, हेही सांगितलं. त्यांची नावं घेणं माझं काम नाही, पण पोलीस बाई कुठल्या खोलीत बसते ते मी प्रत्येकाला सांगेन, म्हटलं.

एक करडू तेवढं ओरडत होतं. मग गर्दीतून काळा गॉगल लावलेला एक व्यापारी, माझ्याशी वाकडं बोलायची एक संधी न सोडणारा, हसत ओरडला, "वहिनी, फोटो कितलाले?"

"पहिले तुन्हा दात देखू दे," मी म्हटलं. "मंग भाव सांगस."

लोक हसले, आणि त्याच्यावर हसले. मी खाली उतरले. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. त्या दिवशी माझी एकही बकरी गेली नाही.

फोटो गेला. सगळ्या गटाला नाही, काही जणांना. कोणाकोणाला ते मला आजवर माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही. एकानं मला लिहून कळवलं, की आला होता, पुसला. दोघंतिघं बाजारात माझ्याकडे बघेनात, त्यावरून अंदाज आला. जेठांचा फोन आला. इतक्या वर्षांनी त्यांनी स्वतः माझा नंबर फिरवला होता.

"तुले काही लाज शे का?" त्यांनी विचारलं.

"शे, दादा," मी म्हटलं. "पन ती मन्ही शे, तुमनी नही." आणि फोन ठेवला. जमिनीचं पुन्हा कधी बोलायचं असेल तर तो नंबर आता माझ्याकडे आहे.

त्या सुरतवाल्यानं आणखी दोनदा रक्कम लिहिली. दुसऱ्या वेळची पहिल्याच्या निम्मी होती, तीही मी न मागता. तो मेसेज मला फार ओळखीचा वाटला. शेवटच्या तासाला न खपलेला बोकड घेऊन उभा असलेला माणूस असाच बोलतो. मी उत्तर दिलं नाही. मग त्याचे मेसेज बंद झाले. तो सापडलेला नाही. माझे पैसेही आलेले नाहीत. तक्रार चालू आहे.

त्यानंतरच्या बाजारी मी हौदाजवळ पोचले तेव्हा जागा रिकामी होती. कोणी बळकावली नव्हती, आणि शेजारी कोणी उभंही नव्हतं. मी खुंटे ठोकले, बकऱ्या बांधल्या. थोड्या वेळानं चाचा आपले बोकड घेऊन बाजाराच्या पलीकडच्या टोकाहून आले आणि काही न बोलता माझ्या शेजारी बांधायला लागले. मग हळूच म्हणाले, की काल ते नंदुरबारला त्या पोलीस बाईकडे जाऊन आले. नातवाला बरोबर नेलं होतं. मी म्हटलं, उशीर केलात. ते म्हणाले, हो.

दुपारी तो गॉगलवाला आला. माझ्या एका पांढऱ्या बोकडाभोवती फिरला, दात पाहिले, कणा चाचपला. मग खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला आणि हात माझ्यापुढे केला. तो मान होता की आगाऊपणा, ते मला कळलं नाही. बाजूला लोक बघत होते. चाचाही बघत होते. ज्या हाताची मी पंधरा वर्षं वाट पाहिली, तो समोर होता.

"रुमाल काढ, भाऊ," मी म्हटलं. "जोरमा बोल. कितला?"

त्यानं आजूबाजूला पाहिलं, रुमाल पुन्हा खांद्यावर टाकला आणि एक भाव सांगितला. बोकडाचा अपमान होता तो. मी त्याच्या दुप्पट आकडा बोलले, पलीकडच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा.